गोळ्या लिहून झाल्यावर घरी कोण जाणार?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव त्याला दिले आहे. वैद्यकीय महाविद्यालय आले की मनोविकार विभाग येतो, तपासणीचे वार ठरतात, गोळ्या मिळू लागतात. इंदापूर तालुक्याच्या टोकाच्या गावातून, समजा सराटीहून किंवा नीरा नरसिंहपूरहून, मानसिक आजाराचा माणूस घेऊन पुणे गाठायचे म्हणजे दीडशे किलोमीटरचा प्रवास, सोबत दोन माणसे आणि तिघांची बुडालेली मजुरी. शिवाय पुणे म्हटले की लोकांच्या मनात येरवड्याचे मनोरुग्णालय येते, आणि येरवड्याला नेलेला माणूस परत येत नाही ही समजूत अजून पुसलेली नाही. त्यामानाने बारामती जवळ. हा बदल लहान नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सरकार, साखर कारखाने, शिक्षणसंस्था किंवा एखादा दाता बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मानसिक आरोग्यासाठी आणखी काही द्यायला तयार झाला, तर ते कशावर खर्च व्हावे? आणखी डॉक्टर, आणखी खाटा, की घरोघर जाणारे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते? सगळेच हवे, असे म्हणणे सोपे आहे, पण अंदाजपत्रक मांडताना ते उपयोगी पडत नाही. आधी कोण हे ठरवावेच लागते, आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

आधी आकडे. २०११ च्या जनगणनेत या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून आठ लाखांवर होती. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचे आढळले. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. पण तो निम्म्यावर आणला तरी बारामती-इंदापुरात पंचवीस-तीस हजार माणसे भरतात. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असेही त्याच सर्वेक्षणाने सांगितले. देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकसुद्धा पुरा नाही, ०.७५ आहे. त्या हिशेबाने आठ लाखांच्या वाट्याला सहा येतात. सहाही जण रोज संध्याकाळपर्यंत बसले तरी ही रांग संपणार नाही.

तरीही डॉक्टरांच्या बाजूचे म्हणणे बाजूला सारता येत नाही. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर हे आजार आहेत, आणि त्यांवर औषधे काम करतात. ग्रामीण भागात आजवर झालेले सर्वांत मोठे नुकसान औषध उशिरा मिळाल्याने झाले. मुलगा रात्रभर जागतो, भिंतीशी बोलतो, जेवणात विष कालवल्याचा संशय घेतो. घरचे म्हणतात बाहेरचे झाले आहे, आणि देवऋषी, अंगारा, उतारा यांत दोन-तीन वर्षे निघून जातात. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडाने बांधलेली माणसे पळू शकली नाहीत आणि २८ जण गेले. त्या माणसांना आश्रय मिळाला होता, उपचार मिळाला नव्हता. म्हणून एखादा मनोविकारतज्ज्ञ जेव्हा विचारतो, की चार दिवसांचे शिबिर केलेला कार्यकर्ता दारात जाऊन ‘सकारात्मक विचार करा, गोळ्यांची सवय लागते, हळूहळू बंद करा’ असे सांगू लागला तर जबाबदार कोण, तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. थायरॉईडचा बिघाड उदासीसारखा दिसू शकतो, मेंदूतल्या गाठीची सुरुवात चिडचिडीने होऊ शकते. हे ओळखायला वैद्यकीय नजरच लागते.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा आत्महत्यांच्या नोंदींत सापडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. देशभरातल्या नोंदींत ३१.७ टक्के आत्महत्यांचे कारण कौटुंबिक प्रश्न असे लिहिले आहे, १८.४ टक्के आजारपण. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलेले कारण म्हणजे निदान नव्हे. उदासीचा आजार असलेल्या माणसाच्या नावापुढेही ‘घरगुती वाद’ लिहिला जातो. तरी एवढे खरे, की माणूस कोसळतो तेव्हा त्याच्याभोवती घर असते, कर्ज असते, भाऊबंदकी असते.

बारामती-इंदापुरात हे आणखी ठळक दिसते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असलेला पट्टा आणि सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा एकाच बारामती तालुक्यात आहेत, आणि दोन्हीकडची माणसे वेगवेगळ्या कारणांनी झोप गमावतात. जिरायती भागात टँकरची वाट पाहणे असते, उसाच्या भागात पतसंस्थेचा हप्ता आणि कारखान्याच्या बिलाचा मेळ बसत नाही. इंदापूरच्या डाळिंबाच्या बागेवर तेल्या पडला की लाखोंची गुंतवणूक डोळ्यांदेखत काळी पडते. उजनीच्या पाण्यात जमिनी गेलेल्या कुटुंबांची पुढची पिढी अजून वाटणीच्या कज्ज्यांत आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, तो तिशी ओलांडतो, मित्रांत बसणे टाळतो, मग दारू. एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेला मुलगा तीन पाळ्यांच्या चक्रात झोपेचे वेळापत्रक हरवून बसतो. यांतल्या कितीजणांना आजार आहे आणि कितीजणांना नुसता परिस्थितीचा मार बसला आहे, हे ठरवायलाच कुणीतरी घरी जाऊन बसावे लागते. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरला त्या घराचा उंबरा दिसत नाही.

समाजकार्यकर्त्याचे काम म्हणजे धीर देणे असा आपल्याकडे समज आहे. खरे काम त्यापेक्षा रुक्ष आणि जास्त उपयोगी असते. एक उदाहरण मनात आणून पाहू. पस्तिशीची बाई, दोन मुले, स्किझोफ्रेनियाचे निदान झालेले, बारामतीहून गोळ्या चालू. दोन महिन्यांनी ती तपासणीला येत नाही. रुग्णालयाच्या वहीत तिच्या नावापुढे रेघ पडते. ती का आली नाही? गोळ्यांनी सुस्ती येते आणि पहाटे दूध काढायला उठता येत नाही म्हणून सासूने बंद केल्या असतील. नवऱ्याला बसभाड्याचे पैसे त्या आठवड्यात नसतील. तिला माहेरी नेऊन सोडले असेल आणि माहेर दुसऱ्या तालुक्यात असेल. ‘बरे वाटतेय, आता कशाला’ असेही असेल. या चार कारणांवर चार वेगळे उपाय आहेत. सुस्तीसाठी डॉक्टरला फोन करून गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून घ्यायची. भाड्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रात औषध मिळण्याची सोय पाहायची. माहेरी सोडलेल्या बाईचा प्रश्न तर औषधाचा नाहीच. तिथे नवऱ्याशी बोलणे, पोटगीचा हक्क, मुलांचा ताबा, गरज पडल्यास कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत जाणे, एवढे सगळे येते.

आणि कागद. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. अपंगत्व ठराविक टक्क्यांच्या वर असेल तर प्रमाणपत्र मिळते, त्यावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. पण त्यासाठी मंडळापुढे तपासणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि तहसील कार्यालयाच्या खेपा लागतात. ज्याला सकाळी अंघोळीला उठवणे हाच घरचा मोठा पराक्रम आहे, त्याने हे करायचे? महिन्याचे ते थोडके पैसे सुरू झाले की घरातल्या आजारी माणसाची किंमत बदलते, हे या क्षेत्रात काम करणारे कुणीही सांगेल. मला वाटते, मानसिक आरोग्याच्या चर्चेत या गोष्टीला जेवढे महत्त्व मिळायला हवे त्याच्या दशांशही मिळत नाही.

या कामाची महाराष्ट्रातली परंपरा जुनी आहे. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिच्या बालमार्गदर्शन केंद्राचे काम पुढच्याच वर्षी सुरू झाले. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून विद्यार्थी घडवते आहे. अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात, पण तिथले बळ डॉक्टरांइतकेच व्यसनातून बाहेर पडून समुपदेशक झालेल्या माणसांचे होते. डॉ. भरत वटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णाला बरे करून थांबत नाही. त्याचे गाव शोधून कार्यकर्ता त्याला घरापर्यंत सोडायला जातो. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार या कामाला मिळाला.

पण परंपरा आहे म्हणून परिणाम होतो असे नाही. तो तपासला गेला आहे का? गेला आहे, आणि तोही बारामतीच्या शेजारच्या जिल्ह्यात. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर तमिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात एक अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. काहींना नेहमीचे रुग्णालयातले उपचार, काहींना त्यासोबत गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या घरभेटी, असे वर्षभर चालले. निष्कर्ष उत्साहाला लगाम घालणारा आहे. घरभेटी मिळालेल्यांची लक्षणे आणि अपंगत्व सरासरीने थोडे जास्त कमी झाले, थोडेच. सर्वांत ठळक फरक तमिळनाडूतल्या ग्रामीण भागात दिसला, जिथे आधीची सेवा तुटपुंजी होती. कलंकाच्या भावनेत फारसा फरक पडला नाही, आणि खर्च मात्र वाढला. समाजकार्यकर्ते नेमले की सगळे सुरळीत होईल असे सांगणाऱ्यांनी हा अभ्यास वाचायला हवा.

उदासी आणि चिंतेच्या आजारांत चित्र जास्त आशादायक आहे. गोव्यातल्या चोवीस दवाखान्यांत झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक नेमले होते. सरकारी दवाखान्यांतले रुग्ण त्यामुळे जास्त प्रमाणात बरे झाले, खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. त्या समुपदेशकांच्या पाठीशी अधूनमधून येणारा मनोविकारतज्ज्ञ होता, हे विसरून चालणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत चाललेल्या विश्राम प्रकल्पात अठरा महिन्यांत उदासीच्या रुग्णांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही वाढ सहा पटींहून जास्त आहे, तरी चारांतले जवळपास तीन अजून बाहेरच राहिले.

म्हणजे पुरावा असे सांगतो, की गावात जाणारा माणूस आजारी माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंत आणण्यात फार उपयोगी आहे, आणलेल्याला टिकवण्यात उपयोगी आहे, आणि गंभीर आजार बरा करण्यात त्याचा वाटा मर्यादित आहे.

आता या बाजूच्या खऱ्या अडचणी. पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी, गुप्ततेची. गावात कुणाच्या घरी कोण आले हे पाराशी बसलेल्या माणसांना चहा होण्याआधी कळते. मानसिक आरोग्याचा कार्यकर्ता अमुक घरी जातो, एवढी बातमी त्या घरातल्या मुलीचे लग्न मोडायला पुरते. पुण्यातल्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ हा प्रकल्प चालवला, त्यात गावातलेच स्वयंसेवक होते. ओळखीचा माणूस असला की बोलणे सोपे जाते, हा त्याचा फायदा. आणि ओळखीचा माणूस म्हणजे कुणाचा तरी चुलता, कुणाचा तरी गट, हे ओझेही त्यासोबत येते. ज्या तालुक्यांत ग्रामपंचायतीपासून कारखान्याच्या संचालक मंडळापर्यंत प्रत्येक घराचा गट माहीत असतो, तिथे हे ओझे जड आहे. म्हणून घरभेट रुग्णाच्या संमतीनेच व्हावी, आणि नको म्हणणाऱ्याला आरोग्य केंद्रात किंवा फोनवर भेटण्याचा पर्याय असावा. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस सेवा २०२२ पासून आहे. तिची पाटी प्रत्येक एसटी थांब्यावर का नाही?

दुसरी अडचण समजुतीच्या नावाखाली होणाऱ्या अन्यायाची. मारहाण सोसणारी बाई झोप येत नाही म्हणून येते, आणि कार्यकर्ता दोघांना बसवून ‘संसार टिकवा’ म्हणून परत पाठवतो. अशा समाजकार्यापेक्षा ते नसलेले बरे. सून आजारी आहे हे सिद्ध करण्यासाठी सासरची माणसे कार्यकर्त्याचा वापर करू शकतात, आणि जमिनीच्या वादात एका भावाला ‘डोक्यावर परिणाम झालेला’ ठरवण्यासाठीही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला आहे. तो प्रतिनिधी नवरा किंवा भाऊच असला पाहिजे असे नाही, हे गावात कुणालाच माहीत नसते. कार्यकर्त्याची पहिली निष्ठा आजारी माणसाशी आहे, घराशी नंतर. प्रशिक्षणात हे ठसवले गेले नाही तर घरभेट म्हणजे कुटुंबाच्या हातातले आणखी एक हत्यार होईल.

तिसरी अडचण स्वस्ताईची. सरकारी यंत्रणेला गावातले काम म्हटले की आशा कार्यकर्ती आठवते. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणे आणि मोबाइलवरच्या नोंदी तिच्या गळ्यात आधीच आहेत, आणि मिळते ते मानधन. तिच्याकडून संशयित रुग्ण ओळखून कळवण्याची अपेक्षा ठेवणे योग्य आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलाच्या घरी रात्री अकराला जाऊन बसण्याची अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे.

मग कुणाला नेमायचे? मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. केलेला माणूस. अशी माणसे आधीच मोजकी आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच बंद केली. या विषयाला २०२५-२६ पर्यंत फक्त मुदत वाढवून दिली. १९९६ पासून चालू असलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात हे पद असते. पण पथक जिल्ह्याला एक, आणि पुणे जिल्ह्यात चौदा तालुके. २०११ मध्येच चौऱ्याण्णव लाख लोक. औंधच्या जिल्हा रुग्णालयातून इंदापूरच्या वाडीवर नियमित जाणे कुणालाही शक्य नाही.

माझे मत असे. पुढचा खर्च समाजकार्यकर्त्यांवर व्हावा, खाटांवर नको. आणि तो बारामतीतल्या मनोविकार विभागाशी बांधलेला असावा, वेगळा नको. एम.एस.डब्ल्यू. झालेली, याच भागातली, पगारी माणसे घ्यावीत: सुरुवातीला दोन्ही तालुक्यांना प्रत्येकी दोन, त्यांत निम्म्या स्त्रिया. त्यांना निम्हान्सच्या डिजिटल अकादमीसारख्या ठिकाणचे प्रशिक्षण आणि औंधच्या पथकातल्या तज्ज्ञाची देखरेख मिळावी. आठवड्यातून एकदा डॉक्टरसोबत प्रत्येक अडलेल्या रुग्णावर चर्चा हा कामाचाच भाग असावा. गोळी सुरू करणे, बदलणे, थांबवणे यांतले काहीही त्यांनी स्वतःहून करू नये. यशाचे माप घरभेटींच्या संख्येवर ठरवू नये. सहा महिन्यांनंतर किती रुग्ण उपचारात टिकले, कितींना प्रमाणपत्र आणि अनुदान मिळाले, किती कामाला लागले, हे विचारावे. दोन वर्षांनी हे आकडे वाढलेले नसतील तर योजना बंद करून तोच पैसा भिगवण आणि सुप्याला डॉक्टरच्या ठरावीक वाराच्या तपासणीसाठी द्यावा. साताऱ्याच्या अभ्यासानंतर एवढी अट घालणे रास्त आहे.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. डॉक्टरच कमी असताना कार्यकर्त्यांनी आणखी रुग्ण शोधून आणले तर रांग वाढेल आणि प्रत्येकाच्या वाट्याची दहा मिनिटे पाच होतील. सौम्य उदासीच्या रुग्णांना कार्यकर्ता स्वतः समुपदेशनाने सांभाळू शकला, तर हा भार काही प्रमाणात कमी होईल, हे गोव्याच्या अनुभवावरून म्हणता येते. पण सुरुवातीचे काही महिने रांग वाढेलच, आणि त्याची तयारी विभागाने आधी ठेवावी.

रस्त्यावरच्या माणसांचे काम तर लगेच सुरू होऊ शकते. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ते इंदापूर या पट्ट्यात बेवारस भटकणारी मनोरुग्ण माणसे दिसतात. ढाब्यावाले त्यांना खायला देतात. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या शंभराव्या कलमाप्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. ठाण्यातल्या हवालदाराला बंदोबस्त आणि अपघात यांतून हे जमायचे कसे? त्याच्याकडे एका कार्यकर्त्याचा क्रमांक असेल तर जमेल. बरे झाल्यावर जायला घर नसलेल्यांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्राला फटकारले होते. घर शोधणारा माणूसच नसेल तर असे पुन्हा होत राहणार.

शेवटी ऊसतोड मजुरांचा प्रश्न, जो कुठल्याच आराखड्यात बसत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या गळिताला बीड-नगरकडून टोळ्या येतात, उचल घेतलेल्या नवरा-बायकोचा कोयता फडात पाच महिने चालतो आणि मार्चच्या सुमारास कोप्या मोडून माणसे गावी जातात. त्यांतल्या कुणाला इथे आजार झाला आणि जानेवारीत बारामतीत गोळ्या सुरू झाल्या, तर एप्रिलमध्ये त्या केजच्या किंवा पाथर्डीच्या एखाद्या वाडीवर थांबतात. आजारी बाई काम करू शकत नाही म्हणून मुकादम अर्ध्या कोयत्याची मजुरी कापतो, उचल फिटत नाही, आणि पुढच्या हंगामात ती आणखी आजारी होऊन परत येते. यासाठी कारखान्याच्या शेतकी विभागाकडच्या टोळ्यांच्या यादीवर काम करणारा एक कार्यकर्ता लागेल. त्याने हंगाम संपण्याआधी रुग्णाची संमती घेऊन दोन महिन्यांची औषधे आणि एक कागद सोबत द्यावा, आणि बीड किंवा नगरच्या जिल्हा पथकातल्या आपल्या सहकाऱ्याला फोन करावा. तो पगार कारखान्यांनी द्यायचा की ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने, हे यंदाच्या गळितापूर्वी ठरू शकते.